लिनक्स सर्व्हरवरील यूपीएस देखरेखीचे स्वयंचलन : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदी, प्रवेश व परीक्षांचे तपशील, अंतर्गत गुणांचे तक्ते, कार्यालयाचे हिशेब हे सारे आज बहुतेक महाविद्यालयांत एखाद्या खोलीतील सर्व्हरवर साठविलेले असते. त्यांपैकी पुष्कळ सर्व्हर लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. 'कोहा' ही ग्रंथालयांतून रूढ झालेली आज्ञावली त्याचे परिचित उदाहरण होय. असा सर्व्हर चालू असताना वीज एकाएकी गेली, तर केवळ काम थांबते असे नाही. लिहिली गेली असे ज्या नोंदीविषयी वापरणाऱ्याला सांगितले गेले, ती नोंद प्रत्यक्षात डिस्कच्या किंवा रेड नियंत्रकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच असू शकते आणि विजेबरोबर ती नाहीशी होते. आधुनिक डेटाबेस आपल्या रोजकीर्दीवरून पुष्कळसे सावरून घेतात हे खरे. परंतु खालची डिस्कच खोटी पावती देत असेल, तर वरच्या थराची दक्षता निरुपयोगी ठरते.

यूपीएस हा या संकटावरील उपाय मानला जातो. वस्तुतः तो अर्धाच उपाय आहे. लहान सर्व्हरसाठी घेतलेला यूपीएस काही मिनिटांची उसंत देतो, त्याहून अधिक काही देत नाही. त्या मिनिटांत सर्व्हरला रीतसर बंद होण्याची आज्ञा कोणीतरी द्यावी लागते. ग्रामीण महाराष्ट्राने २००५ नंतरच्या काही वर्षांत कठोर भारनियमन सोसले. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र ठरलेल्या वेळेचे भारनियमन एका परीने सोयीचे असते, कारण वीज केव्हा जाणार हे प्रयोगशाळा परिचरालाही ठाऊक असते. खरा धोका अनपेक्षित खंडाचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईसारख्या शहरात वीज गेली आणि उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा कोणत्याही वेळापत्रकाचा उपयोग नव्हता. यूपीएस आणि सर्व्हर यांच्यात संवाद घडवून आणणारी देखरेखीची आज्ञावली अशा प्रसंगासाठी असते.

ही आज्ञावली प्रत्येक सर्व्हरवर हाताने बसविण्याऐवजी स्वयंचलित पद्धतीने बसविण्याकडे आता कल आहे. हे स्वयंचलन नेमके कशाचे होते, आणि ज्यासाठी ते केले जाते ते संरक्षण त्यातून खरोखर पदरात पडते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

देखरेखीची रचना :

लिनक्सवर या कामासाठी दोन मुक्त आज्ञावली प्रामुख्याने आढळतात. 'एपीसीयूपीएसडी' ही एका उत्पादकाच्या यूपीएससाठी लिहिलेली आहे. तिची ३.१४.१४ ही आवृत्ती २०१६ मध्ये आली. दुसरी 'नेटवर्क यूपीएस टूल्स', संक्षेपाने 'नट'. ही अनेक उत्पादकांच्या यंत्रांशी बोलू शकते, आणि तिची २.८.० ही आवृत्ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. विविध बनावटीचे यूपीएस जिथे एकाच इमारतीत नांदतात तिथे 'नट'ला पर्याय नाही; म्हणून पुढील चर्चा तिच्याच आधारे केली आहे.

'नट'ची रचना तीन थरांची आहे. सर्वांत खाली ड्रायव्हर असतो. तो यूएसबी तारेवरून किंवा नेटवर्कवरून यूपीएसची स्थिती वाचतो. त्यावर 'यूपीएसडी' ही सेवा असते. ती वाचलेली माहिती ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवर विचारणाऱ्याला देते. तिसरा 'यूपीएसमॉन' हा पहारेकरी. तो दर काही सेकंदांनी स्थिती विचारतो, आणि 'यंत्र बॅटरीवर आहे' व 'बॅटरी संपत आली' या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की सर्व्हर बंद करण्याची आज्ञा देतो. एका यूपीएसवर अनेक सर्व्हर असतील, तर ज्याला यूपीएसची तार जोडलेली आहे तो मुख्य आणि उरलेले दुय्यम. दुय्यम सर्व्हर नेटवर्कवरून मुख्य सर्व्हरला स्थिती विचारतात. स्थिती हाताने पाहण्यासाठी जी आज्ञा आहे तिचे नाव 'यूपीएससी'. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला ते गमतीचे वाटेल!

ही सारी व्यवस्था पाच-सहा साध्या मजकूर-फाईलींत लिहावी लागते, आणि त्यांपैकी एखाद्या फाईलीत एक शब्द राहिला तरी व्यवस्था मुकाट्याने निष्क्रिय राहते. डेबियनमध्ये आज्ञावली बसविल्यावर तिची कार्यपद्धती 'काहीही नाही' अशी लिहिलेली असते. ती बदलल्याखेरीज कोणतीच सेवा सुरू होत नाही. नवख्या माणसाचा अर्धा दिवस इथेच जातो.

स्वयंचलनाने काय साधते :

सर्व्हरची मांडणी लेखी स्वरूपात ठेवून ती यंत्राकडून अमलात आणण्याची कल्पना नवी नाही. 'सीएफइंजिन' १९९३ मध्ये, 'पपेट' २००५ मध्ये आणि 'अ‍ॅन्सिबल' २०१२ मध्ये आले. अ‍ॅन्सिबलमध्ये काय हवे ते लिहायचे असते. अमुक आज्ञावली असावी, अमुक फाईलीत अमुक मजकूर असावा, अमुक सेवा चालू असावी. तीच लेखी कृती पुन्हा चालविली तरी परिणाम बदलत नाही, हे तिचे वैशिष्ट्य मानले जाते.

यूपीएस देखरेखीला या पद्धतीचा लाभ होतो हे नाकारण्याचे कारण नाही. मुख्य सर्व्हरवर लिहिलेला सांकेतिक शब्द आणि दुय्यम सर्व्हरवर लिहिलेला सांकेतिक शब्द एकच असावा लागतो. हाताने लिहिताना तो चुकतो, एकाच स्रोतातून दोन्हीकडे गेला तर चुकत नाही. हा शब्द 'नट'च्या फाईलीत उघड्या स्वरूपात राहतो, म्हणून ती फाईल कोणी वाचावी याचे निर्बंध दर वेळी न विसरता घातले जाणे महत्त्वाचे असते. २.८.० आवृत्तीने मुख्य व दुय्यम या भूमिकांची जुनी नावे बदलली. ज्यांची मांडणी लेखी होती त्यांना तो बदल एका जागी करून भागले. शिवाय मांडणी करणारा माणूस संस्था सोडून गेला तरी त्याने काय केले होते ते मागे उरते. तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी पद्धतीने संगणकाचे काम चालणाऱ्या महाविद्यालयांत या एका कारणासाठीदेखील लेखी कृतीचे स्वागत करावे लागेल.

अडचण अन्यत्र आहे. अशा लेखी कृतीची सर्वसाधारण रचना ठरून गेलेली आहे. आज्ञावली बसवा, फाईली लिहा, सेवा सुरू करा. शेवटी पडद्यावर हिरव्या अक्षरांत यशाचा ताळेबंद येतो. त्या ताळेबंदाचा अर्थ एवढाच की फाईली अपेक्षेप्रमाणे आहेत आणि सेवा सुरू आहे. ड्रायव्हरला यूपीएस सापडलाच नसला तरी 'यूपीएसडी' ही सेवा चालू राहू शकते. तिला स्थिती विचारली की ती 'माहिती शिळी आहे' किंवा 'ड्रायव्हर जोडलेला नाही' असे प्रामाणिकपणे सांगते, पण विचारले तर! 'यूपीएसमॉन'ही संपर्क तुटल्याची सूचना देतो. परंतु ही सूचना मूळ मांडणीत नोंदवहीत आणि सर्व्हरवर त्या क्षणी प्रवेश केलेल्या वापरकर्त्यांच्या पडद्यावर जाते. कुलूपबंद खोलीतील सर्व्हरच्या पडद्यासमोर कोणीही बसलेले नसते. तात्पर्य, यशाचा ताळेबंद आणि संपूर्ण असंरक्षित सर्व्हर ही दोन्ही सुखाने एकत्र नांदू शकतात.

यंत्राची ओळख आणि तारेचे दुसरे टोक :

स्वयंचलनाचे पुरस्कर्ते 'नट-स्कॅनर' या साधनाकडे बोट दाखवितात. जोडलेले यूपीएस शोधून त्यांचे वर्णन मांडणीच्या फाईलीला चालेल अशा स्वरूपात ते लिहून देते. चांगल्या प्रतीच्या यंत्राबाबत हे ठीक चालते, कारण त्यावर उत्पादकाची खूण, नमुना आणि अनुक्रमांक असतो. स्वस्त यंत्रांची गोष्ट निराळी. ०६६५:५१६१ हा यूएसबी ओळखक्रमांक वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक यूपीएसमध्ये आढळतो, कारण आतील संवादाचा तुकडा एकाच जातीचा असतो. अनुक्रमांक नसलेले असे दोन यूपीएस एका सर्व्हरला जोडले, तर कोणता कोणता हे साधनाला सांगता येणे कठीण. यांपैकी बरीच यंत्रे बॅटरी किती टक्के भरली आहे किंवा किती मिनिटे पुरेल हे स्वतः सांगत नाहीत; ड्रायव्हर बॅटरीच्या दाबावरून त्याचा अंदाज बांधतो. अंदाज ज्या आकड्यांवरून बांधायचा ते आकडे माणसाने द्यावयाचे असतात. लेखी कृतीत ते सर्व यंत्रांसाठी एकच लिहिले, तर मिळणारी टक्केवारी शोभेपुरती उरते.

याहून गंभीर बाब अशी की, कोणता सर्व्हर कोणत्या यूपीएसवरून वीज घेतो हे कोणत्याही आज्ञावलीला कळू शकत नाही. यूएसबीची तार माहिती नेते, विजेची तार वीज नेते, आणि या दोन्ही एकाच यंत्रापाशी पोहोचतात याची ग्वाही फक्त टेबलाखाली वाकून पाहणारा माणूस देऊ शकतो. पंखा हवा म्हणून कोणी सर्व्हरची पिन काढून शेजारच्या भिंतीतील सॉकेटमध्ये घातली, तरी देखरेख पूर्ववत चालू राहते आणि यूपीएस सुस्थितीत असल्याचे सांगत राहते.

नेटवर्क स्विचचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. दुय्यम सर्व्हर स्विचमार्फत मुख्य सर्व्हरशी बोलतो. स्विच यूपीएसवर नसेल, तर वीज जाताक्षणी तो बंद पडतो. दुय्यम सर्व्हरला शेवटची ठाऊक असलेली स्थिती 'वीज सुरळीत आहे' अशीच राहते. 'यूपीएसमॉन' इतका विचारी आहे की शेवटची स्थिती 'बॅटरीवर' अशी असताना संपर्क तुटला, तर तो सर्वांत वाईट घडले असे गृहीत धरून सर्व्हर बंद करतो. पण इथे तसे घडत नाही. तो संपर्क तुटल्याची नोंद करतो आणि बॅटरी संपेपर्यंत काम चालू ठेवतो. लेखी कृतीत एकही चूक नसताना, प्रत्येक फाईल अक्षरशः बरोबर असताना, दुय्यम सर्व्हर नेमका त्याच प्रसंगी बळी जातो ज्या प्रसंगासाठी ही सारी व्यवस्था उभारली होती. याला कारण अडीचशे रुपयांचे एक वाढीव सॉकेट आणि ते कुठे जोडले आहे हे न पाहणारी दृष्टी.

वेळेचा हिशेब :

स्वयंचलनाची भाषा स्थितीची आहे. सर्व्हर कसा असावा हे ती सांगते. वीज गेल्यानंतरचे संरक्षण मात्र घटनाक्रमाचे असते. त्यात कोणते पाऊल कोणत्या पावलाच्या आधी पडते यावर सर्व काही अवलंबून असते. या दोहोंतील विसंगती प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बॅटरी संपत आल्याची खूण उमटली की मुख्य सर्व्हर दुय्यम सर्व्हरना बंद होण्यास सांगतो आणि ते दूर होईपर्यंत थांबतो. ही वाट पाहण्याची मर्यादा मूळ मांडणीत १५ सेकंद आहे. दुय्यम सर्व्हर बंद होण्याची आज्ञा देतो आणि संपर्क सोडतो. त्याने संपर्क सोडला याचा अर्थ तो बंद झाला असा होत नाही; त्याने बंद होण्यास प्रारंभ केला, इतकाच होतो. मुख्य सर्व्हर मात्र पुढे निघतो. मूळ मांडणीतील ५ सेकंदांचा अखेरचा विराम घेऊन तो स्वतः बंद होऊ लागतो, आणि जाता जाता यूपीएसला पुरवठा तोडण्याची आज्ञा देतो. यूएसबी यूपीएससाठीच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये ही आज्ञा आणि प्रत्यक्ष तोडणे यांत २० सेकंदांचे अंतर धरलेले असते.

आता दुय्यम सर्व्हरवर मोठा डेटाबेस आहे अशी कल्पना करावी. लिनक्सची 'सिस्टमडी' ही व्यवस्था एखादी सेवा नीट थांबावी म्हणून मूळ मांडणीत ९० सेकंदांपर्यंत थांबते. मुख्य सर्व्हरवर विशेष काम नसेल तर तो अल्पावधीत बंद होतो. अर्थात दुय्यम सर्व्हर अजून लिहीत असतानाच त्याच्या पायाखालची वीज काढून घेतली जाते, आणि ती काढून घेणारा महावितरणचा खंड नसून संरक्षणासाठी बसविलेली व्यवस्थाच असते. हे आकडे बदलता येतात. 'नट'च्या दस्तऐवजांत प्रत्येकाचे स्पष्टीकरण आहे. परंतु कोणता आकडा किती असावा हे त्या त्या सर्व्हरला बंद होण्यास प्रत्यक्ष किती वेळ लागतो यावर ठरते, आणि तो वेळ घड्याळ लावून मोजावा लागतो. सर्व सर्व्हरवर एकच साचा पाठविणारी कृती मूळ आकडेच सर्वत्र पसरविते. हाताने मांडणी करणारा निदान एका सर्व्हरवर चुकत असे.

यूपीएसला पुरवठा तोडायला का सांगायचे, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर असे की सर्व्हर बंद होत असतानाच वीज परत आली, तर यूपीएस पुरवठा चालूच ठेवतो. सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. तो बंद होतो आणि बंदच राहतो. सोमवारी सकाळी ग्रंथालय उघडते तेव्हा दिवे लागलेले असतात आणि सर्व्हर निपचित असतो. यूपीएसने पुरवठा एकदा तोडून पुन्हा दिला, तरच त्याला जाग येण्याची संधी मिळते.

बॅटरीचे वय :

बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारणतः तीन ते पाच वर्षे धरतात. तापमान दहा अंशांनी वाढले की हे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ठोकताळा आहे. सर्व्हरच्या खोलीतील वातानुकूलन यंत्र क्वचितच यूपीएसवर असते आणि दीर्घ सुट्टीत ते काटकसरीसाठी बंदही केले जाते. मे महिन्यातील विदर्भातील किंवा मराठवाड्यातील बंद खोली नजरेसमोर आणली तर अधिक सांगण्याची गरज राहत नाही. जुनी बॅटरीही शंभर टक्के भरू शकते. तिच्यात मुळात मावते किती, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भार टाकून पाहिल्याशिवाय मिळत नाही. काही यूपीएस स्वतःची चाचणी घेतात आणि बॅटरी बदलण्याची खूण देतात. 'यूपीएसमॉन' ती सूचना मूळ मांडणीत दर बारा तासांनी पुन्हा करतो, पण वर म्हटल्याप्रमाणे रिकाम्या खोलीत.

चाचणीचा प्रश्न :

या सर्वांवरून स्वयंचलन टाकून द्यावे असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. आक्षेप आहे तो ते जिथे थांबते त्या जागेवर. सेवा सुरू झाली की कृती संपली असे मानण्याऐवजी कृतीनेच पुढे जाऊन 'यूपीएससी'द्वारे स्थिती वाचावी, यूपीएसचा अनुक्रमांक हाताने ठेवलेल्या नोंदीशी ताडून पाहावा, आणि दोन्ही जुळत नाहीत तोवर अपयश जाहीर करावे. हे अवघड नाही. 'नट'मध्ये नकली यूपीएसचा ड्रायव्हरही उपलब्ध आहे. फाईलीत लिहिलेली स्थिती तो खरी म्हणून सांगतो, त्यामुळे प्रयोगाच्या सर्व्हरवर वीज न घालविता संपूर्ण क्रम पाहता येतो. संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी हे एक उत्तम प्रात्यक्षिक ठरेल.

त्यापुढची चाचणी मात्र यंत्राला करता येत नाही. 'यूपीएसमॉन'ला बंद करण्याचा क्रम सक्तीने सुरू करण्याची आज्ञा देता येते, आणि मुख्य सर्व्हरवर ती दिली की सर्व सर्व्हर खरोखर बंद होतात. म्हणूनच ती सहसा कोणी देत नाही. यूपीएसची भिंतीवरील कळ बंद करून बॅटरी संपत येईपर्यंत उभे राहणे हे त्याहूनही दुर्मीळ. त्यासाठी प्राचार्यांची परवानगी, कार्यालयाला पूर्वसूचना आणि कामाचा ताण नसलेला एखादा शनिवार लागतो. स्वयंचलनाने या चाचणीची जागा घेऊ नये. तिची आठवण ठेवण्याचे काम मात्र त्याने अवश्य करावे. सर्व्हरच्या लेखी यादीत प्रत्येक नावापुढे शेवटच्या प्रत्यक्ष चाचणीची तारीख, बॅटरी बसविल्याची तारीख आणि बंद होण्यास लागलेले सेकंद लिहिलेले असावेत. चाचणीला सहा महिने उलटले असतील तर कृतीने हिरव्याऐवजी लाल अक्षरांत उत्तर द्यावे, आणि अखेरचा विराम किती सेकंदांचा हे त्या मोजलेल्या आकड्यावरूनच काढावे.

अशी पहिली चाचणी घेताना एक बाब पूर्वीच पाहून ठेवणे इष्ट होय. वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हावे की बंदच राहावे, हे सर्व्हरच्या बायोसमध्ये ठरविलेले असते. 'नट'च्या फाईलींत ते कुठेही लिहिता येत नाही. अनेक साध्या यंत्रांवर ते पडदा व कळफलक जोडून, यंत्र पुन्हा सुरू करून, हातानेच बदलावे लागते. ते बदललेले नसेल तर घटनाक्रमातील प्रत्येक पाऊल बिनचूक पडूनही सर्व्हर उठणार नाही, आणि किल्ली कोणाकडे आहे याचा शोध सुरू होईल.